देवीच्या मागचा दिवा

तेल मीच बदललं. आषाढात बदललं, रविवारी सकाळी बदललं, आणि आप्पाजी ओसरीवर पेपर वाचत बसले असताना त्यांच्या डोळ्यांदेखत बदललं. गल्लीत नंतर जे काही बोललं गेलं, त्यातलं एवढं खरं आहे. 'कोल्हापूरच्या सुनेनं देवीला गाडीतून काढून टाकलं' हे मात्र खोटं. देवीला मी काढलं नाही. वीतभर बाजूला बसवलं. का बसवलं, ते सांगते.

आमचं घर यशवंतपूरला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला. सासरची माणसं बेंगळुरात कधी आली असं कुणी विचारलं, तर आप्पाजी, म्हणजे माझे सासरे, थेट शहाजीराजांपासून सुरुवात करतात. घरात मराठीच बोलतात, पण 'स्वल्प' आणि 'सरी' घातल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. स्वल्प म्हणजे जरासं, सरी म्हणजे बरं. तिसरा शब्द 'बेडा'. बेडा म्हणजे नको. आप्पाजींनी बेडा म्हटलं की आमच्या घरात विषय संपतो.

आप्पाजींची यार्डात गुळाची अडत होती. अडत बंद करून बरेच दिवस झाले, पण गुळाची ढेप दिसली की त्यांचा हात अजूनही आपोआप पुढे जातो. कोपरा मोडायचा, अंगठ्या-बोटात चोळायचा, नाकाशी न्यायचा, आणि सांगायचं की गूळ कुठला आणि त्यात काय मिसळलंय. चूक होत नाही म्हणतात. मी तरी झालेली बघितली नाही.

दाराशी गाडी आहे, फिकट निळी पद्मिनी. ती आप्पाजींनी भरभराटीच्या दिवसांत घेतली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते चालवत नाहीत. अभिराज, माझा नवरा, कारखान्याच्या बसनं शिफ्टला जातो, त्याला गाडीची गरज पडत नाही. म्हणून गाडी मी चालवते. माझ्या मुलीला, रक्षीला, शाळेत सोडायचं, आणायचं, मल्लेश्वरमच्या मार्केटात जायचं. आणि नर्सिंग होम.

रक्षिता चार वर्षांची आहे. तिला दमा आहे. डॉक्टर दमा म्हणत नाहीत, मोठी झाली की जाईल म्हणतात. त्यांना म्हणायला काय जातं? रुळांच्या कडेनं जिकडंतिकडं काँग्रेस गवत माजलेलं असतं, त्याला फुलं आली की माझी झोप उडते. श्वास अडकायला लागला की तिच्या गळ्याखालची खळगी आत जाते. आधी ती खळगी दिसते, मग छातीतली शिट्टी ऐकू येते. मला शिट्टीच्या आधी खळगी दिसते. स्वयंपाक करताना, कुणाशी बोलताना, माझा एक डोळा तिथंच असतो. वाफेचं औषध देणारं मशीन नर्सिंग होममध्ये आहे, आणि नर्सिंग होम रेल्वे फाटकाच्या पलीकडं. वेळेला रिक्षा मिळतेच असं नाही, आणि फाटकाकडं म्हटलं तर रिक्षावाले नाही म्हणून मान हलवतात. तेव्हा माझ्या मुलीच्या श्वासाच्या आणि मशीनच्या मधे काय आहे, तर ती निळी गाडी.

गाडीचा आवाज मी रक्षीच्या श्वासासारखा ऐकते. त्याला अभिराज वेड म्हणतो. म्हणू दे.

आता तेलाचं. आमच्याकडं गाडीचं इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलतात, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. इकडं सगळे आयुधपूजा म्हणतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा श्रीरंग येऊन जुनं तेल काढतो, नवं भरतो. दुसऱ्या दिवशी घरातली जुनी तलवार, अडतीचा तराजू आणि गाडी अशी तिन्हींची पूजा होते. गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, पुढ्यात कोहळा फोडायचा. त्यानंतर ते पूजेचं तेल. पुढच्या नवमीपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

आणि गाडीत देवी आहे. तुळजाभवानीचं पातळ कागदाचं चित्र, पहिल्या वर्षी आप्पाजींनी स्वतःच्या हातानं डॅशबोर्डवर चिकटवलेलं, स्टिअरिंगच्या मागं, मीटरच्या खालच्या अंगाला. त्याची गंमत अशी की किल्ली फिरवली की देवीच्या मागं लाल उजेड पडतो. इंजिन सुरू झालं की उजेड जातो. आप्पाजी शेजारी बसलेले असले की त्या क्षणाला हात जोडतात. "देवी उठली. आता चल." रक्षीही जोडते. मला ते बघायला आवडायचं.

जुलैत एक दिवस सर्कलच्या सिग्नलला थांबलो होतो. रक्षी मागच्या सीटवरून पुढं वाकली आणि म्हणाली, "आई, देवी झोपलीच नाही आज."

इंजिन चालू होतं आणि देवीच्या मागं लाल उजेड होता. गाडी निघाली तसा गेला. पुढच्या सिग्नलला पुन्हा आला, लुकलुकला.

घरी आल्यावर आप्पाजींना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "आषाढात देवी जागी! कुणाच्या गाडीत होतंय असं?" आणि त्यांनी आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, हाक मारून ती बातमी दिली. दोघांनी जाऊन गाडीला नमस्कार केला.

मी दुपारी सगळे निजल्यावर गाडीत जाऊन बसले. ओलं फडकं चित्राच्या एका कोपऱ्यावर धरलं, गोंद सुटू दिला, आणि नखानं कोपरा उचलला. खाली काचेची बारकी टिकली होती, त्यावर झारीचं चित्र. तेलाची झारी, नळीतून थेंब पडतोय. गाडी चालवायला शिकताना पहिल्या दिवशीच मास्तरांनी सांगितलं होतं, हा दिवा चालत्या गाडीत लागला तर दुसरं काही न बघता थांबायचं. इंजिनात तेल नीट फिरत नसलं की तो लागतो. तसंच चालवत राहिलं तर इंजिन आतल्या आत घासत जातं, आणि एक दिवस जिथं असेल तिथं जाम होतं.

जिथं असेल तिथं. मी कोपरा पुन्हा चिकटवला, बॉनेट उघडलं आणि तेल बघायची पट्टी बाहेर ओढली.

तेल कमी असेल असं वाटलं होतं. ते जास्त होतं. वरच्या खुणेच्या चांगलं वर. नवमीला खुणेबरोबर भरलेलं, मध्ये कुणी एक थेंब घातलेला नाही, आणि वाढलेलं. मी पट्टी नाकाशी नेली. पेट्रोलचा वास.

बी.एस्सी. केमिस्ट्रीला केली, त्याचा सासरी उपयोग काय, असं आत्याबाई हसत विचारायच्या. हा घ्या उपयोग. आमची गाडी लांब कधी जात नाही. शाळा, मार्केट, दवाखाना. दर वेळी थंड इंजिन, दर वेळी चोक ओढायचा, आणि इंजिन धड तापायच्या आत पोचलेलो असतो. जळायचं राहिलेलं पेट्रोल खाली तेलात उतरतं. तापलं असतं तर उडून गेलं असतं, पण तापतंय कुठं? आतल्या दमट हवेचं पाणीही तेलातच. तेल भरायचं झाकण उघडून बघितलं तर आतून ताकासारखा पांढुरका थर. एका जुन्या टीपकागदावर पट्टीचा थेंब सोडला. चांगलं तेल हळूहळू पसरतं. याचा मध्ये काळा डाग राहिला आणि भोवती पिवळं पाणचट वर्तुळ झरझर धावत गेलं. एवढं पातळ झालेलं तेल इंजिन संथ झालं की नीट फिरत नाही, म्हणून सिग्नलला दिवा.

मी आधी श्रीरंगकडं गेले. म्हटलं, नीट रस्त्यानं जावं.

श्रीरंग लेथवर होता. सगळं ऐकून घेतलं. "अक्का, तुम्ही म्हणता ते असेल. पण आप्पाजींनी सांगायला पाहिजे."

"गाडी मी चालवते."

"सरी. पण पूजेचं तेल ते. मी काढलं आणि उद्या काही झालं, तर म्हणतील श्रीरंगनं आषाढात हात लावला." मग त्याला एकदम सुचलं. "लाइटचा त्रास होतोय ना? बल्ब काढून देऊ? दोन मिनिटं लागतील."

बल्ब काढून देतो म्हणे. मी परत आले.

रात्रीच्या जेवणाला सगळे होते. मी भात वाढता वाढता विषय काढला. "आप्पाजी, गाडीचं तेल बदलायला झालंय."

"नवमीला बदलतो की."

"नवमी लांब आहे. ते खराब झालंय."

"कसं होईल? गाडी पळते किती? गाडीच्या पुस्तकात पाच हजार किलोमीटर लिहिलंय. आपली वर्षात तेवढी होत नाही. मी तर उलट पूजेसाठी म्हणून लवकर बदलतो."

"कमी पळते, म्हणूनच लवकर बदलायचं."

अभिराजला ठसका लागला. "म्हणजे कमी जेवलं की भांडी जास्त वेळा घासायची?"

"भांड्यात अन्न नासलं तर घासावीच लागतात. तेल वाढलंय, आप्पाजी. खुणेच्या वर गेलंय."

"वाढलंय?" त्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, पटलं. ते आत्याबाईंकडं वळले. "ऐकलंस? न घालता वाढलं. लोकांच्या गाड्या तेल खातात. आपल्यात वाढतंय."

"ते पेट्रोल आहे," मी म्हटलं. "आणि देवीच्या मागं जो दिवा लागतोय तो तेलाचा दिवा आहे. धोक्याचा."

आप्पाजी माझ्याकडं वळले.

"तू चित्र उचकटलंस?"

"कोपरा."

आप्पाजी शांतपणे बोलले. ते शांतपणे बोलले की जास्त भीती वाटते. "पूजा झालेलं तेल आहे ते. वर आषाढ. आषाढात आमच्यात नवं काही घालत नाहीत, नवं काही उघडत नाहीत. बेडा."

"अगं, फोडणीच्या तेलाचं बघ तू," आत्याबाई सारवासारव करत म्हणाल्या. "गाडीच्या तेलाचं पुरुष बघतील."

"त्या गाडीत माझी मुलगी बसते, आत्याबाई."

"आमची नात नाही ती?" आप्पाजी म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

खोलीत अभिराजनं समजूत काढली. थोडेच महिने राहिलेत, आप्पाजींचा मान राख, मी कारखान्यात कुणाला तरी विचारतो. तो वाईट नाही. त्याला घरात शांतता हवी असते. मलाही हवी असते, पण मला त्याआधी दुसरं काहीतरी हवं असतं.

कदाचित मी तरीही थांबले असते. चार-आठ दिवस थांबलेही. मग फाटकावर ते झालं.

रक्षीला शाळेतूनच घेऊन निघाले होते, बाईंनी बोलावलं होतं. खळगी आत जात होती, शिट्टी लागली होती, पण बसून होती, बोलत होती. फाटकाशी पोचले आणि फाटक पडलं. पुढं लॉऱ्या, मागं लॉऱ्या, वळवायला जागा नाही. इंजिन चालू ठेवून थांबले. मालगाडी यायची होती. हळूहळू देवीच्या मागं उजेड आला. लुकलुकला नाही. आला आणि राहिला. मग इंजिनातून आवाज यायला लागला, डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा.

"आई," रक्षी दोन श्वासांच्या मधे म्हणाली, "देवी रागावलीय?"

मी इंजिन बंद केलं. त्या आवाजापुढं दुसरं काही करता येत नव्हतं. मग बसले, किल्लीवर हात ठेवून. पुन्हा सुरू झालं नाही तर? या लॉऱ्यांच्या मधून मुलीला उचलून रूळ ओलांडून पळायचं, तर किती पळू शकेन? मालगाडी संपता संपत नव्हती. मागं माझ्या मुलीचा श्वास, आणि समोर बंद इंजिनातसुद्धा मला तो खिळ्यांचा आवाज ऐकू येत होता.

फाटक उघडलं. गाडी सुरू झाली. पोचलो. मास्क लागला. खळगी भरून आली. मी तिच्या पायाशी बसले आणि ठरवलं. भीती वाटत होती, हे खरं. पण आप्पाजींची भीती एका बाजूला आणि फाटकाची एका बाजूला ठेवली तर कुठली जड, हे मला आता माहीत झालं होतं.

तेलाचा डबा मल्लेश्वरमहून आणला आणि लपवला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला, येता-जाता सगळ्यांना दिसेल असा. चोरून करायचं असतं तर आप्पाजी दुपारी निजतात तेव्हा केलं असतं. पण चोरून केलं की केलेलं चूक होतं, बरोबर असलं तरी. म्हणून रविवार. म्हणून सकाळ.

आधी गाडी यार्डाला एक मोठी फेरी मारून आणली, तेल तापून सुटं व्हावं म्हणून. मग पुढची दोन चाकं फरशीच्या उंचवट्यावर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. न्हाणीघरातून रक्षीचा जुना टब आणला, ती तान्ही असताना तिला ज्यात न्हाऊ घालायचो तो.

"अगं, त्यात लेकराला न्हाऊ घातलंय!" आत्याबाई दारातून ओरडल्या.

"लेकरासाठीच नेतेय."

ओढणी कमरेला बांधली आणि मी पोतं टाकून गाडीखाली शिरले. खालून बघितलं की गाडी फार मोठी असते. ओसरीवर पेपरचा आवाज थांबला. शेजारचे भीमाचार्य कंपाउंडवरून वाकले असावेत, कारण त्यांचा आवाज वरून आला. "काय हरवलं गं अम्मा गाडीखाली?"

"झोप," मी म्हटलं. ते हसले आणि हलले नाहीत.

मग आप्पाजींच्या चपला टायरशेजारी येऊन थांबल्या. "काय चाललंय?"

"तेल बदलतेय."

"मी बेडा म्हटलं होतं."

"ऐकलं होतं मी."

चपला जागच्या जागी राहिल्या. "अभि! तुझ्या बायकोला बाहेर यायला सांग."

अभिराज रक्षीला कडेवर घेऊन पायरीवर उभा होता. "तुम्हीच सांगा, आप्पाजी. माझं कधी ऐकलंय तिनं?" म्हणाला, आणि खाली वाकून मला नुसतंच विचारलं, "पाना बसला का?"

पाना बसला होता, पण नट हलत नव्हता. हातानं झालं नाही. मी आडवी होऊन पान्यावर पाय दिला आणि सगळा जीव लावून ढकलला. काहीतरी कटकन वाजलं. मला वाटलं, माझाच गुडघा. नट होता. पुढचे आटे बोटांनी सोडवले, हात बाजूला घ्यायला उशीर झाला, मनगटावर चटका बसला, आणि तेल आलं.

तेल दोरीसारखं पडायला हवं. हे पाण्यासारखं पडलं. टबात आपटलं, उडालं, माझ्या केसांत, गालावर. सगळ्या गल्लीला पेट्रोलचा वास आला. भीमाचार्यांनी नाकाला उपरणं लावलं.

मी टब ओढून उजेडात आणला. आप्पाजी समोर होते, डोळे रागानं बारीक झालेले. ते काहीतरी बोलणार होते. पण टबाकडं बघितलं आणि त्यांचा हात पुढं गेला. आपोआप गेला, ढेपेकडं जातो तसा. बोट बुडवलं. अंगठ्यावर चोळलं. पुन्हा चोळलं. नाकाशी नेलं.

"भेसळ," ते म्हणाले, स्वतःशीच.

त्यांनी बोट धोतराला पुसलं, शुभ्र धोतराला, आणि मग ते काय बोलले हे त्यांना आठवलं असावं.

"असेल. तरी आषाढात उघडलंस ते उघडलंसच. पूजा मोडली. नवमीपर्यंत मी या गाडीत पाय ठेवणार नाही."

"सरी," मी म्हटलं.

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. रडायला लावला की हसू दाबायला, हे मी अजून विचारलेलं नाही.

नट घट्ट केला, नवं तेल भरलं, खुणेबरोबर. मग गाडीत बसून ओल्या फडक्यानं देवीचे चारी कोपरे सोडवले. कागद कुठंच फाटला नाही. तिला मधोमध, समोरच्या काचेखाली बसवलं, जिथं ती सगळ्यांना दिसेल आणि तिच्यामागं काही लपणार नाही. किल्ली फिरवली. उघडा लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं. गेला. मी वाट बघितली. चांगला बराच वेळ बघितली. आला नाही.

आप्पाजींनी शब्द पाळला. देवळात चालत गेले, यार्डात चालत गेले, पावसात भिजत आले, पण गाडीकडं बघितलं नाही. माझ्याशी बोलत होते, पण कामापुरतं. मीही कामापुरतं बोलले. माफी मागितली नाही. आत्याबाईंनी दोनदा सुचवलं, नुसतं पाया पड, विषय संपेल. रोज पडते मी त्यांच्या पाया. त्यासाठी पडणार नव्हते.

आषाढ सरत आला असेल. दुपारची वेळ. अभिराज शिफ्टला, आत्याबाई बहिणीकडं गेलेल्या. रक्षी चित्रं काढत होती आणि मी डाळ निवडत होते. मान वर केली तर खळगी. या वेळी शिट्टीची वाट बघायला वेळच मिळाला नाही. ती एकदम पुढं वाकली, ओठ निळसर, आणि माझ्याकडं बघत राहिली, मी काहीतरी करेन म्हणून.

उचलून बाहेर आले. मागच्या सीटवर ठेवलं तर ती बसेना, कलंडली. आडवी झाली की श्वास आणखी कोंडतो. कुणीतरी धरून बसायला हवं होतं. आप्पाजी ओसरीच्या कठड्याला धरून उभे होते.

"आप्पाजी, चला. हिला धरा."

त्यांनी गाडीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"नाही आलात तर ओढणीनं सीटला बांधून नेईन," मी म्हटलं. "पण नेणार. लवकर सांगा."

ते अनवाणीच उतरले. रक्षीला छातीशी उभी धरून मागं बसले. मी चोक ओढला, किल्ली फिरवली, दिवा लागला, दिवा गेला.

फाटक पडलेलं होतं. पडलेलं असणारच होतं. पुढं लॉरी, मागं लॉरी. इंजिन चालू ठेवलं. मागून आप्पाजींचा आवाज येत होता, "घे श्वास, माझे अम्मा, स्वल्प घे, अजून स्वल्प." आणि मधेच मला म्हणाले, "बंद कर इंजिन. तापेल."

"नाही करत."

"संयोगिता—"

"परत सुरू करण्यात जाणारा वेळ माझ्याकडं नाही. तुम्ही तिच्याकडं बघा. इंजिन मी बघते."

आरशात बघितलं. ते तिच्याकडं बघत होते, आणि माझ्या खांद्यावरून पुढं, देवी जिथं पूर्वी होती त्या जागेकडं. झारीच्या चित्राच्या त्या बारक्या टिकलीकडं. मालगाडी गेली, डब्यामागून डबा. इंजिन एका लयीत चालत होतं. टिकली काळी होती. काळीच राहिली. शेवटचा डबा गेला तेव्हा मी आधी आरशात बघितलं. त्यांनी रुळांकडं बघितलंच नव्हतं.

नर्सिंग होममध्ये मास्क लागला. बऱ्याच वेळानं खळगी भरली, ओठांना रंग आला, आणि तिनं मास्कमधूनच घोगऱ्या आवाजात आजोबांच्या पायांकडं बोट दाखवलं. "आज्जा, चप्पल?"

मी बाहेर बाकावर येऊन बसले. आप्पाजी शेजारी बसले. एक पाय दुसऱ्यावर घासत राहिले, चिखल वाळला होता.

"ते तेल," ते समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "पुन्हा कधी नासतं?"

"शाळा, मार्केट, दवाखाना एवढंच चालू राहिलं तर तीन महिन्यांत बदलायचं. लांब चालली तर जास्त टिकेल."

"म्हणजे नवमीला."

"नवमीला. मग संक्रांतीला. मग युगादीच्या पाडव्याला."

ते बोटाच्या पेरांवर मोजत होते. नवमीला एक पेर, संक्रांतीला एक, युगादीला एक. अंगठा चौथ्या पेरावर आला आणि थांबला.

"मग आषाढ येतो."

"येतो."

"आषाढात..."

"आषाढातसुद्धा, आप्पाजी."

त्यांनी बेडा म्हटलं नाही. सरीही म्हटलं नाही. अंगठा त्या पेरावर तसाच राहिला. मी उठून रक्षीकडं गेले.